गोऱ्हा कुठे जातो?

गाय व्याली की पाडी होणार की गोऱ्हा, याची शक्यता निम्मी-निम्मी असते. खिल्लार असो, जर्सी असो, होल्स्टीन असो की म्हैस असो, निसर्गाचा हा हिशेब सगळ्यांना सारखाच. आता २०१९ ची विसावी पशुगणना पाहा. देशात सुमारे १९ कोटी २५ लाख गोवंश मोजला गेला आणि त्यात १४ कोटी ५१ लाख माद्या निघाल्या. म्हणजे नर उरले पावणेपाच कोटींच्या घरात. तीन गाईंमागे एकच नर. बहुतेक राज्यांत गोहत्येला बंदी असलेल्या देशात बाकीचे गोऱ्हे गेले कुठे?

ज्या दुधासाठी कुठलंही जनावर मारलं जात नाही, त्याला या प्रकरणात आपण अहिंसक दूध म्हणू. असं दूध शक्य आहे का, परवडेल का, आणि त्याची किंमत कोणी द्यायची, हे तपासायचं तर सुरुवात या हरवलेल्या गोऱ्ह्यांपासून करावी लागते. आपल्याकडची चर्चा नेहमी म्हाताऱ्या गाईपासून सुरू होते. आयुष्यभर दूध दिलं आणि भाकड झाल्यावर कसायाच्या दारात उभी केली, हे चित्र मनाला लागतं, आणि ते खोटं नाही. पण म्हातारी गाय हा प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग पहिल्या वेतापासूनच गोठ्यात उभा असतो.

दूध हवं तर गाय व्यायला हवी. ती साधारण २८० दिवस गाभण राहते, व्यायल्यावर दहा महिने धार देते आणि पुढच्या वेताआधी दोन महिने तिला आटवतात. हे चक्र अखंड चालावं म्हणून व्यायल्यानंतर तीन-चार महिन्यांतच तिला पुन्हा भरवतात. 'वर्षाला एक वासरू' हा सल्ला प्रत्येक पशुवैद्यक देतो, कारण दुधाचा धंदा त्यावरच उभा आहे. दुधाच्या प्रत्येक कॅनमागे एक जन्म असतो, आणि दर दोन जन्मांमागे एक नर.

पूर्वी हा नर कोणाला जड नव्हता, कारण त्याला तीन कामं होती.

पहिलं काम नांगराचं आणि गाडीचं. माणदेशात खिल्लार गाय कोणी दुधासाठी पाळत नसे. तिचं दूध वासराला पुरलं तरी पुष्कळ. ती पाळायची ती खोंडासाठी. सांगोला, खरसुंडीच्या बाजारात उमद्या खोंडाला जो भाव यायचा, त्यावर घरातलं एखादं लग्न निघून जायचं. देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ यांचीही कीर्ती बैलांमुळे होती, दुधामुळे कमी. मग ट्रॅक्टर आला. आणि संकरित गाईच्या पोटी जन्मलेल्या नराला तर नांगराला जुंपणंही अवघड. त्याला पुरेसं वशिंड नसतं, त्यामुळे जू नीट बसत नाही, आणि चैत्रातल्या उन्हात तो तासाभरात धापा टाकायला लागतो.

दुसरं काम पान्ह्याचं. देशी गाय आणि म्हैस वासरू पुढ्यात नसेल तर दूध चोरते. धारेच्या वेळी वासराला दाव्यातून सोडतात. ते धडपडत येतं, कासेला ढुशा देतं, सड तोंडात धरतं. गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं, अर्ध्या-एक मिनिटात कास ताठ होते आणि दूध खाली येतं. मग वासराचं फेसाळलेलं तोंड ओढून काढायचं, त्याला आईच्या पुढच्या पायाशी बांधायचं, आणि ती त्याला चाटत असताना धार काढायची. समजूतदार घरात एक सड वासरासाठी राखून ठेवत. म्हणजे गोऱ्हा असला तरी पान्ह्यासाठी त्याला जगवावंच लागे. होल्स्टीन गाय मात्र वासराविना, नुसत्या यंत्राच्या स्पर्शाने किंवा पुढ्यातल्या खुराकाने पान्हवते. गोऱ्ह्याची तीही गरज संपली.

तिसरं काम वळूचं, आणि ते मुळातच मोजक्यांच्या वाट्याला यायचं. कृत्रिम रेतनाने तेही संपवलं. एका वळूच्या एका वेळच्या वीर्यातून शेकडो कांड्या भरतात. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभी केलेली 'बाएफ' ही संस्था गाईच्या दारात जाऊन रेतन करू लागली आणि त्यातून लाखो गरीब घरांत दूध आलं. हे मोठं काम आहे, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण त्या कामाने गावचा वळू निवृत्त केला, हेही खरं.

तिन्ही कामं एकाच पिढीत गेली आणि गोऱ्हा नुसतं खाणारं तोंड उरला.

त्याला कोणी मारत नाही. आज होल्स्टीन गाय व्यायली आणि पाडी झाली, तर तासाभरात तिला चीक पाजला जातो, नाळेला आयोडीन लागतं, दोन वेळचं दूध मोजून बादलीत मिळतं, पंधरा दिवसांत जंताचं औषध होतं. गोऱ्हा झाला तर तो कोपऱ्यात आखूड दाव्याला बांधला जातो. चीक उरला तर मिळतो. दोन लिटर दूध त्याला पाजणं म्हणजे संकलन केंद्रावरचे साठ रुपये त्याच्या तोंडात ओतणं, हे त्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. आठवड्याभरात त्याला हगवण लागते, शेपटीखालची कातडी सोलवटते, पोट फुगतं आणि बरगड्या दिसू लागतात. मग एक दिवस तो उठत नाही, किंवा रात्री एखादा टेम्पो येतो. घरात त्याचं नाव निघत नाही, कारण त्याला नावच ठेवलेलं नसतं.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी १९७० च्या दशकात केरळात नेमकं हेच नोंदवलं. आम्ही वासराला कधीच मारणार नाही, असं तिथला प्रत्येक शेतकरी मनापासून सांगत होता, पण पहिल्या वर्षात नर वासरं माद्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात मरत होती. नर अशक्त असतात, कमी पितात, असं उत्तर मिळे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी त्याआधीच, १९६० च्या दशकात, नको असलेल्या जनावरांची संख्या आपण कत्तलीने नव्हे तर उपासमारीने आवरतो, हे कडवट सत्य मांडलं होतं. दांडेकरांवर तेव्हा टीका झाली. मला त्यांचं म्हणणं आजही खोडता येत नाही. सुरीने मारलेलं जनावर काही मिनिटांत सुटतं. भुकेने मारलेलं तीन आठवडे मरत असतं.

कायद्याने हा प्रश्न सुटेल असं अनेकांना वाटलं. विनोबांच्या सांगण्यावरून १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या देवनार कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे कित्येक वर्षं चालू राहिला. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. मार्च २०१५ मध्ये सुधारित कायदा लागू झाला आणि बैल, वळूही बंदीखाली आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. या कायद्यामागच्या अनेकांच्या भावनेबद्दल मला शंका नाही. पण त्याने जनावराच्या पोटाची सोय केली नाही. भाकड गाय किंवा म्हातारा बैल विकून आलेल्या पैशांत थोडी भर घालून गाभण कालवड आणायची, हे लहान शेतकऱ्याचं फिरतं भांडवल होतं. बाजारात उपरण्याखाली हेड्याशी बोटांनी ठरणारा तो सौदा एकाएकी गुन्ह्याच्या सावलीत गेला. काहींनी जनावर चोरून, पडत्या भावाने विकलं, काहींनी रात्री दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडलं. २०१९ च्या गणनेत देशात पन्नास लाखांवर मोकाट गोवंश नोंदला गेला. महाराष्ट्रात २०१२ ते २०१९ या काळात गोवंशाची संख्या सुमारे दहा टक्क्यांनी घटली. सात वर्षांच्या या घटीमागे दुष्काळ, ट्रॅक्टर अशी इतर कारणंही आहेत. तरी म्हातारपणी विकता येणार नाही असं जनावर घ्यायला शेतकरी कचरतो, हे कुठल्याही गुरांच्या बाजारात ऐकायला मिळतं. चांगला खोंड आज राखला जातो तो मुख्यतः शर्यतीसाठी. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बैलगाडा शर्यती वैध ठरवल्या आणि खिल्लारचा भाव चढला. शर्यतीतली चाबकाची मारहाण मला मान्य नाही, पण काम मिळालं की नराला किंमत येते, एवढं त्यातूनही दिसतं.

आता पैशांचा हिशेब करू, कारण नीतीची खरी परीक्षा तिथेच होते.

३० सप्टेंबर २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं आणि गोशाळेतल्या दर देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान मंजूर केलं. कडब्याचा आणि पेंडीचा भाव पाहता कोणताही शेतकरी म्हणेल की एवढ्यात भागत नाही. तरी आपण हाच आकडा धरू. वर्षाचे झाले १८,२५०. एका संकरित गाईची चार वेतं आणि दर वेताला तीन हजार लिटर धरलं, तर तिने आयुष्यात दिलं बारा हजार लिटर दूध. चौथ्या वेतानंतर ती आठ वर्षं जगली तर खर्च १ लाख ४६ हजार. दर लिटरमागे बारा रुपये. हे जड आहे, पण अशक्य नाही. शहरातलं घर बारा रुपये जास्त देऊ शकेल.

आता तिच्या चार वासरांपैकी दोन गोऱ्हे घ्या. प्रत्येक चौदा वर्षं जगला आणि त्याला काहीच काम नसलं, तर दोघांचा खर्च ५ लाख ११ हजार. लिटरमागे साडेबेचाळीस रुपये! २०२४ च्या जुलैपासून शेतकऱ्याला गाईच्या दुधाला ३० रुपये दर आणि वर ५ रुपये सरकारी अनुदान ठरलं होतं. म्हणजे गोऱ्ह्यांना नुसतं जगवण्याचा खर्च दुधाच्या आख्ख्या दरापेक्षा जास्त. म्हातारी गाय आणि दोन गोऱ्हे मिळून लिटरला जवळपास ५५ रुपये वाढतात. देशी गाय याहून कितीतरी कमी दूध देते, तेव्हा तिच्या बाबतीत लिटरचा भार आणखी चढतो. प्रश्नाचा मोठा भाग गोऱ्हा आहे असं मी सुरुवातीला म्हटलं, ते या आकड्यांवरून.

आणि पाड्यांचं काय? एका गाईच्या जागी पुढे एकच गाय लागते. बाकीच्या पाड्या आजवर दुसऱ्याच्या गोठ्यात खपल्या, कारण देशाचा दूधधंदा वाढत होता. धवलक्रांतीने आपल्याला जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक देश बनवलं, २०२३-२४ मध्ये उत्पादन सुमारे २३ कोटी ९० लाख टनांवर पोचलं. पण जमीन आणि वैरण वाढत नाही. एकही जनावर न मारणारा गोठा जन्म आवरल्याशिवाय काही वर्षांतच स्वतःच्या ओझ्याखाली बसतो. अनेक भाबड्या गोशाळांचं हेच झालं.

या वाटेने कोणी चालून पाहिलं आहे का? इंग्लंडमध्ये पाहिलं आहे. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायरमध्ये भक्तिवेदांत मॅनर हे कृष्णमंदिर आहे. 'बीटल्स'च्या जॉर्ज हॅरिसनने १९७३ मध्ये ती वास्तू दिली. तिथल्या गोठ्यात गाई हाताने पिळतात, बैलांकडून नांगरणी आणि ओढकाम करून घेतात, आणि प्रत्येक जनावर मरेपर्यंत सांभाळतात. याच विचारातून २०११ च्या सुमारास 'अहिंसा' नावाने दूध विकलं जाऊ लागलं. दर दुकानातल्या साध्या दुधाच्या कितीतरी पट, कारण गाईचं म्हातारपण आणि बैलाचं आयुष्य दोन्ही त्या दरात धरलेलं. गिऱ्हाईक थोडं, पण टिकून राहणारं. या प्रयोगातली मला पटणारी गोष्ट त्याचा प्रामाणिकपणा आहे. इथे पिणाराच पूर्ण किंमत देतो, ती शेतकऱ्यावर किंवा जनावरावर ढकलत नाही. याच प्रयोगाने हेही दाखवलं की असं दूध कमी असतं, महाग असतं, आणि ते रोज लिटर-लिटरने प्यायची गोष्ट नव्हे.

याच मंदिरात डिसेंबर २००७ मध्ये एक अवघड प्रसंग घडला. गंगोत्री नावाची गाय पायाच्या दुखण्याने उठू शकत नव्हती आणि भक्त तिची शुश्रूषा करत होते. प्राण्यांच्या हितासाठी काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थेची माणसं पोलिसांसह आली आणि इंजेक्शन देऊन त्यांनी तिचं आयुष्य संपवलं. ब्रिटनमधले हिंदू संतापले, निदर्शनं झाली. तिथला वाद वाचताना मला १९२८ चं साबरमती आठवतं. आश्रमातलं एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं आणि गांधीजींनी त्याला विषाचं इंजेक्शन द्यायला लावलं. देशभरातून शिव्याशापांची पत्रं आली. वेदना संपवणं हीसुद्धा अहिंसा असू शकते, या भूमिकेवर गांधीजी ठाम राहिले. मी या बाबतीत गांधीजींच्या बाजूचा आहे. अहिंसक गोठ्याला पशुवैद्यकाचा हा शेवटचा हात नाकारता येणार नाही. गंगोत्रीच्या बाबतीत मला खटकतं ते एवढंच, की जे तिला रोज उठवत-बसवत होते, त्यांना डावलून ते केलं गेलं.

गांधीजींनी आणखी एका गोष्टीचा विचार केला होता, जो आजचे गोभक्त सहसा करत नाहीत. गोशाळेला जोडून चर्मालय हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. आपोआप मेलेल्या गुराचं कातडं, हाडं, शिंगं यांचा नीट उपयोग झाला, तर म्हाताऱ्या जनावराच्या खर्चाला हातभार लागतो. वर्ध्याजवळ नालवाडीला असं चर्मालय चाललं. गांधीजींचे सहकारी जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने वर्ध्यात गोसेवेला दिले.

पण चर्मालयाच्या या योजनेच्या पोटात एक प्रश्न होता, आणि तो बाबासाहेबांनी विचारला. मेलेलं जनावर उचलायचं कोणी? १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मृत जनावराचं मांस सोडा असं बजावलं. मेलेली गुरं ओढण्याचं काम टाकून देण्याचा आग्रहही त्यांच्या चळवळीत कायम राहिला. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारहाण झाली, तेव्हा अनेक गावांत लोकांनी मेलेली गुरं उचलायचं थांबवलं आणि बाकीच्या समाजाला त्या कामाचं अस्तित्व जाणवलं. कत्तल पूर्ण थांबली, तर प्रत्येक जनावर गोठ्यात किंवा रस्त्यावर मरणार. तो भार जातीच्या जोरावर पुन्हा त्याच माणसांच्या खांद्यावर टाकला, तर त्या दुधाला अहिंसक म्हणता येणार नाही. ते काम पगाराचं, यंत्राचं, मानाचं आणि कोणत्याही जातीच्या माणसाने करण्याचं असलं पाहिजे.

म्हशीबद्दल तर आपण बोलतच नाही. चहातलं दाट दूध, बासुंदी, पेढा यांत मोठा वाटा म्हशीचा, पण तिला महाराष्ट्राच्या गोवंश हत्याबंदीचं संरक्षण नाही आणि बहुतेकांच्या भावनांतही जागा नाही. भारतातून दर वर्षी परदेशी जाणारं दहा लाख टनांहून अधिक मांस म्हशींचं आणि रेड्यांचं आहे. आपण शाकाहारी आहोत आणि दुधात हिंसा नाही, असं मानणाऱ्याने रेडकू कुठे जातं, हेही विचारायला हवं. वेदना तर गाय आणि म्हैस दोघींची सारखीच असते.

मग करता काय येईल? सर्वांत मोठा आधार तंत्रज्ञानाचा आहे. मादीचं गुणसूत्र वाहणाऱ्या शुक्राणूत नरापेक्षा सुमारे चार टक्के जास्त डीएनए असतो. त्यावरून यंत्राने शुक्राणू वेगळे करून कांड्या भरल्या की दहापैकी नऊ वासरं पाड्या होतात. वरच्या हिशेबात गोऱ्ह्यांचे साडेबेचाळीस रुपये उतरून साडेआठवर येतात. या कांड्या आता आपल्याकडे मिळतात. दुसरी गोष्ट, गाईला दर वर्षी व्यायला लावायचं नाही. चांगली गाय दीड-पावणेदोन वर्षंही धार देते. दूध थोडं कमी होतं, पण जन्म घटतात आणि गाईच्या शरीराला उसंत मिळते. पाड्या जास्त आणि वेतं जास्त असं एकत्र केलं, तर मात्र आजच्या गोऱ्ह्यांची अडचण उद्या पाड्यांची होईल. या दोन उपायांना एकमेकांची जोड हवीच.

या सगळ्यानंतर जो खर्च उरतो, तो दुधाच्या दरात दिसला पाहिजे. जून २०२४ पासून महाराष्ट्रात प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला सक्तीचा झाला आहे. संकलन केंद्रावर लिटरमागे काही रुपये वेगळे काढून ते त्या क्रमांकाच्या नावे जमा करता येतील. गाय भाकड झाली की ते पैसे, जो कोणी तिला चारा घालेल त्याला, महिन्याच्या महिन्याला मिळावेत. शेतकऱ्याने ठेवली तर त्याला, गोशाळेने घेतली तर गोशाळेला. १८३४ मध्ये मुंबईच्या भुलेश्वरला पांजरपोळ निघाली, तेव्हापासून आपण हे ओझं दानशूरांवर सोपवत आलो आहोत. दान आटतं, आणि दुष्काळात तर सर्वांत आधी आटतं. दुधाचं बिल मात्र दर महिन्याला भरलं जातं.

तोवर तुम्ही एक गोष्ट करू शकता. ज्या डेअरीचं दूध तुमच्या घरी येतं, पिशवीतलं असो की शंभर रुपये लिटरचं 'देशी गाईचं' असो, त्यांना विचारा की तुमच्या गोठ्यांत मागच्या वर्षी किती गोऱ्हे जन्मले आणि आज त्यातले किती जिवंत आहेत. उत्तर देणारी डेअरी सापडली, तर तिला चार रुपये जास्त द्या.